अन्नपूर्णा सर्किट दोघांनीच : ‘उतरूया’ कोण म्हणणार ते नाशकातच ठरवा

प्रश्न थोडक्यात असा : आम्ही नवरा-बायको, वय 39 आणि 36, राहायला इंदिरानगर, नाशिक. महिन्याला एखादा गड होतोच. मागे एका ग्रुपबरोबर उत्तराखंडातला केदारकंठा केला, काही त्रास झाला नाही. या दिवाळीत नेपाळातलं अन्नपूर्णा सर्किट, म्हणजे अन्नपूर्णा पर्वताला वळसा घालणारा, थोरांग ला खिंड ओलांडणारा ट्रेक, दोघांनीच, पोर्टर न घेता, आपापली सॅक पाठीवर टाकून करायचं मनात आहे. घर ते घर 16 दिवस मिळतात. चढावर ती माझ्या मागे पडते, बाकी काही अडचण नाही. दिवस पुरतील का? वजन किती घ्यावं? तंबू लागेल का? डायमॉक्स, म्हणजे विरळ हवेच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का? घरचे म्हणतात, दोघंच कशाला, ग्रुपबरोबर जा.

दिवसांपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या बऱ्याच गोष्टी त्यावरच बसतात. रेल्वेनं जाणार असाल तर 16 दिवस पुरत नाहीत. नाशिकरोडहून गोरखपूरला कुशीनगर किंवा काशी एक्सप्रेस, म्हणजे सव्वा ते दीड दिवस. तिथून सुनौली सीमा शंभरेक किलोमीटर, सीमा पायी ओलांडायची, भैरहव्याहून पोखऱ्याची बस, त्यात अख्खा दिवस. पोखऱ्यात परवाना काढायचा आणि मग डुम्रेमार्गे बेसीसहर. चौथ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही बेसीसहरला टेकलात तर नशीब. परतीला तीन धरा. हातात उरले नऊ. ओझरहून दिल्ली आणि दिल्लीहून काठमांडू असं विमानानं गेलात तर दोन्हीकडचे मिळून तीन-चार दिवस वाचतात. पैसे जास्त जातील, पण हे पैसे मी जॅकेटवर घालण्यापेक्षा इथे घालीन.

आणखी एक. आपली दिवाळी म्हणजे त्यांचा तिहार, आणि त्याच्या आधी आपल्या नवरात्रात त्यांचं दशैं. दशैंच्या मुख्य दिवसांत सगळा नेपाळ गावी निघालेला असतो, बसला जागा मिळत नाही आणि सरकारी कार्यालयंही बंद असतात. तुम्ही दिवाळीच्या सुमाराला पोहोचणार म्हणजे दशैंची गर्दी ओसरलेली असेल, पण तिहारच्या सुट्ट्या कॅलेंडरात बघून परवान्याचा दिवस ठरवा. ऋतू म्हणाल तर उत्तमच. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबर, आकाश स्वच्छ, पाऊस संपलेला.

आता चालण्याचे दिवस. बेसीसहर 760 मीटरवर आहे आणि हल्ली जीपरस्ता पार मनांगपर्यंत गेला आहे. त्यामुळे ‘जीपनं थेट चामे गाठा, दोन दिवस वाचतील’ असा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. तो घेऊ नका. आपण नाशिककर सहाशे मीटरच्या आसपास झोपणारे लोक. जीप फार तर धारापानीपर्यंत घ्या, साधारण 1,900 मीटर. तिथून पायी चामे (2,700 च्या आसपास), मग अप्पर पिसांग (3,300). पिसांगहून खालच्या रस्त्यानं न जाता घ्यारू आणि न्गावलची वरची वाट धरा. घ्यारूचा चढ दमवतो, पण समोर अन्नपूर्णा 2 असते, जीपची धूळ नसते, आणि मुख्य म्हणजे तुम्ही दिवसभर 3,700 च्या आसपास वावरता. न्गावलला मुक्काम, दुसऱ्या दिवशी उतरत्या वाटेनं मनांग, 3,540. मनांगला एक दिवस पूर्ण थांबायचं. थांबायचं म्हणजे अंथरुणात पडायचं नाही. सकाळी चारेकशे मीटर वर चढून यायचं आणि खाली झोपायला यायचं. मग याक खर्क (4,050), मग थोरांग फेदी (साडेचार हजारांच्या आसपास), आणि तिसऱ्या दिवशी थोरांग ला, 5,416 मीटर, ओलांडून मुक्तिनाथ. तिथून जीपनं जोमसोम आणि पोखरा. हे झाले धारापानीच्या मुक्कामापासून दहा दिवस. त्यात एक दिवस हवामानासाठी मोकळा ठेवा, म्हणजे अकरा. हा मोकळा दिवस कागदावर लिहा, त्याला नाव द्या, आणि ‘नाही लागला तर तिलिचो करू’ असं मनातही आणू नका. तिलिचो तलाव सुंदर आहे, वाटेत दरडी कोसळण्याचा पट्टाही आहे, आणि त्याला वेगळे तीन दिवस लागतात. पुढच्या खेपेला.

मोकळ्या दिवसाचा एवढा आग्रह का, तर 2014 चा ऑक्टोबर. हुदहुद चक्रीवादळ 12 तारखेला विशाखापट्टणमला धडकलं, त्याचा उरलेला जोर वर सरकत 14 तारखेला अन्नपूर्णा भागात हिमवादळ होऊन कोसळला. किमान 43 माणसं गेली. त्यातली बरीचशी थोरांग ला ओलांडून मुक्तिनाथच्या बाजूला उतरताना. बंगालच्या उपसागरातलं वादळ आपला ट्रेक बिघडवेल हे घरी बसून पटत नाही, म्हणून निघाल्यावरही रोज संध्याकाळी लॉजच्या वायफायवर उपसागराकडचं हवामान बघायचं. आकाश गढूळ झालं, वारा फिरला, लॉजवाला नाक मुरडतोय असं दिसलं, की फेदीलाच थांबायचं. ज्याच्या हातात एक दिवस जास्तीचा आहे तोच थांबू शकतो. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं असलेला माणूस ढगातही निघतो.

आता मूळ मुद्दा, जो तुम्ही विचारलेला नाही. जोडीनं उंचावर जाण्यातली सगळ्यात मोठी जोखीम कोणती, तर दोघं एकमेकांपासून त्रास लपवतात. ग्रुपमध्ये माणूस निदान लीडरला कुरकुर करतो. नवरा-बायकोत तसं होत नाही. तिला वाटतं, ह्यांनी वर्षभर रजा साठवल्या, माझ्या डोकेदुखीपायी कशाला मोडता. त्याला वाटतं, मीच बेत ठरवला, मीच ओकायला लागलो तर कसं दिसेल. दोघंही रात्री दालभात अर्धा टाकून ‘भूक नाही गं, दमलो’ म्हणतात आणि झोपतात. सकाळी फेदीकडे निघतात. मी मनांगच्या वर जी जोडपी अडचणीत आलेली पाहिली, त्यांच्यात ताकद कमी होती असं क्वचितच. बोलणं कमी होतं.

म्हणून निघण्याआधी घरी, चहा पिताना, एक करार करा. दोघांपैकी कुणीही ‘उतरूया’ म्हटलं की उतरायचं. दोघांनी. कारण विचारायचं नाही, ‘अजून एक तास बघू’ म्हणायचं नाही, आणि पुढची दहा वर्षं त्यावरून टोमणा मारायचा नाही. शेवटचं कलम सगळ्यात कठीण, पण त्याच्याशिवाय पहिली दोन चालत नाहीत. एकानं लॉजवर थांबायचं आणि दुसऱ्यानं खिंड करून यायची, हा पर्यायही कराराच्या बाहेर ठेवा. आजारी माणसाला साडेचार हजार मीटरवर एकटं ठेवायचं नसतं, आणि त्या खिंडीवरून परत मागे यायचं म्हणजे थट्टा नाही.

दुसरं, रोज सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवणाआधी एकमेकांना चार गोष्टी विचारा आणि वहीत आकडा लिहा. डोकेदुखी, मळमळ किंवा भूक मेलेली, थकवा, चक्कर. प्रत्येकाला 0 ते 3. डॉक्टर मंडळी याला लेक लुईस स्कोअर म्हणतात. डोकेदुखी आहे आणि एकूण 3 किंवा जास्त झाले, तर विरळ हवेचा त्रास सुरू झाला असं धरायचं आणि त्या दिवशी वर जायचं नाही. एका रात्रीत त्रास कमी झाला नाही किंवा वाढला तर खाली. वहीचा फायदा असा की ‘कशी आहेस?’ला ‘बरी आहे’ हे उत्तर आपोआप येतं, पण ‘डोकं किती, एक का दोन?’ला खोटं बोलायला जरा थांबावं लागतं.

आणि तुम्ही लिहिलंय, ‘चढावर ती मागे पडते, बाकी काही अडचण नाही’. तुमचं वाक्य नीट वाचा. चढावर मागे पडणं ही अडचण नाहीच. ती तिची चाल आहे, आणि चार हजारांच्या वर तुम्हा दोघांची तीच चाल असायला हवी. उंचीचा त्रास कुणाला होईल ते फिटनेसवरून सांगता येत नाही. उलट हरिहरच्या पायऱ्या दमात चढून जाणारे, वर पोचून मागच्यांचे फोटो काढणारे पैलवान मनांगला डोकं धरून बसलेले दिसतात, कारण ते उंची पटापट घेतात. केदारकंठ्याचा माथा 3,800 मीटर आणि मुक्काम त्याच्या बरेच खाली. तिथे त्रास झाला नाही ही चांगली गोष्ट, पण 4,500 वर झोपण्याबद्दल ती काही सांगत नाही. थोरांग ला वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच 21 टक्के, पण प्रत्येक श्वासात हाती येतो निम्माच.

पण मागे पडण्याकडे लक्ष मात्र ठेवायचं, वेगळ्या कारणानं. फुप्फुसात पाणी भरायला लागलं की पहिली खूण बहुतेक वेळा खोकला नसतो. माणूस नेहमीपेक्षा फारच मंद होतो, बसल्यावरही धाप थांबत नाही. ती रोजच मागे असते म्हणून तुमच्या ते लक्षात येणार नाही. आणि एक दिवस तुम्ही तिच्या मागे पडलात तर तुम्ही म्हणाल, आज वजन जास्त आहे. तेव्हा नेहमीचा क्रम बदलला की दोघांनीही थांबायचं. दुसरी खूण मेंदूची. सरळ रेषेत, टाचेला अंगठा लावून दहा पावलं चालायला सांगा. झोकांडी गेली, किंवा बोलणं विसंगत वाटलं, की रात्र असो पहाट असो, टॉर्च लावून खाली. हेलिकॉप्टर उजेड आणि चांगली हवा दोन्ही असतील तरच येतं. त्याची वाट बघत बसायचं नाही. चारपाचशे मीटर उतरल्यावर माणूस सुधारतो, आणि त्या बाजूला घोडीही मिळतात.

मनांगला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं मदत केंद्र आहे. हंगामात तिथे दुपारी डॉक्टर विरळ हवेच्या त्रासावर बोलतात. थांबण्याच्या दिवशी दोघांनी मिळून जा आणि वही बरोबर न्या.

आणखी एक गोष्ट फक्त जोडप्यांना घाबरवते, म्हणून आधीच सांगून ठेवतो. चार हजाराच्या आसपास रात्री शेजारच्या माणसाचा श्वास थांबतो. अक्षरशः थांबतो, पाचदहा सेकंद काही नाही, मग दोनचार खोल श्वास, मग पुन्हा शांतता. बाजूला जागं असलेल्याचं काळीज हलतं. उंचीवरच्या झोपेत हे बहुतेकांना होतं आणि एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. उठवून बघा, नीट बोलत असेल, डोकं दुखत नसेल, तर झोपू द्या. झोपेची गोळी आणि दारू मात्र दोन्ही बंद, कारण दोन्हींनी श्वास आणखी मंदावतो.

डायमॉक्सबद्दल. तुमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते त्यांना आधी सांगा. प्रतिबंधासाठी साधारणपणे 125 मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, उंची घ्यायच्या आदल्या दिवसापासून, असं दिलं जातं. लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात, आणि सोडा किंवा कोल्ड्रिंक बेचव लागतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एक-दोन गोळ्या नाशकातच घेऊन बघा, म्हणजे नवीन काही निघालं तर घरी कळेल. वरच्या मार्गात मी 3,000 मीटरनंतर झोपायची उंची एका रात्रीत पाचशेपेक्षा फारशी वाढू दिलेली नाही. ती चाल पाळली तर अनेकांना गोळी लागतही नाही. गोळी घेतली म्हणून एक दिवस कमी करायचा, हा हिशोब मात्र चुकीचा आहे. सर्रास केला जातो, तरीही चुकीचाच.

गाइडचं काय? नेपाळ सरकारनं एप्रिल 2023 पासून परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाइड बंधनकारक केल्याचं जाहीर केलं. त्याची अंमलबजावणी कुठे कशी होते ते बदलत राहतं, म्हणून निघायच्या आठवड्यात पोखऱ्याच्या परवाना कार्यालयाकडून खात्री करून घ्या. पण नियम बाजूला ठेवला तरी तुम्ही एक गाइड घ्यावा असं मला वाटतं. वाट दाखवायला नको, वाटेवर लाल-पांढऱ्या खुणा आहेत आणि हंगामात पुढे-मागे माणसं असतात. तो हवा कारण तो तुमच्या संसारात नाही. तिनं ‘बरी आहे’ म्हटलं आणि तुम्ही ते मानून घेतलं, तरी तो तिसरा माणूस तोंडाकडे बघून ‘दिदी, आज माथि जाने होइन’ (आज वर जायचं नाही) म्हणेल. घरच्यांच्या ‘दोघंच कशाला’ला हेच उत्तर द्या. सॅक आपल्याच पाठीवर ठेवा, त्यानं तुमची हौस कमी होत नाही. पंधरावीस जणांचा ग्रुप मात्र या मार्गावर मला नकोसा वाटतो. सगळ्यांची चाल एक करायला गेलं की कुणाचीच राहत नाही.

वजन. तंबू नको, स्टोव्ह नको, भांडी नकोत. दर दोन-तीन तासांवर लॉज आहे, खोली आहे, रजई आहे. फेदीला आणि त्याच्या वरच्या हाय कॅम्पला हंगामात खोल्या भरतात, त्यासाठी दुपारी लवकर पोचायचं किंवा गाइडकरवी आदल्या दिवशी फोन करायचा. हाय कॅम्पला (4,900 च्या जवळ) झोपायचा मोह टाळा. एका तासाची चाल वाचते आणि झोप जाते. तंबू नसला की तुमची सॅक पाण्यासकट 10-11 किलोत आणि तिची 7-8 किलोत बसते. प्रत्येकाच्या शरीराच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाच्या आत ठेवायचं, हा माझा ठोकताळा. नवरे मंडळी इथे एक मर्दुमकी करतात, बायकोच्या सॅकमधलं सगळं स्वतःकडे घेतात. मग उतरताना गुडघे त्यांचे जातात आणि थांबावं लागतं दोघांना.

सामान वाटताना एक पथ्य. दोघांच्या सॅक एकमेकांवर अवलंबून असता कामा नयेत. प्रत्येकाकडे स्वतःचं डाऊन जॅकेट, स्वतःची रेनशीट, हातमोजे, हेडटॉर्च, पाण्याची बाटली, खाऊची पिशवी, ओळखपत्र आणि थोडे नेपाळी रुपये. खिंडीवर ढग बसला आणि दहा मिनिटं चुकामूक झाली, तर टॉर्च दुसऱ्याच्या सॅकमध्ये आहे हे कळून काही उपयोग नाही. सामाईक वस्तू म्हणजे औषधं, क्लोरीनच्या गोळ्या, पॉवर बँक, शिवणाचा दोरा, एवढ्याच वाटून घ्या. स्लीपिंग बॅग दोघांच्या वेगळ्या. जोडून घेण्याची डबल बॅग दुकानात रोमँटिक दिसते. डायमॉक्स चालू असताना रात्री तीनदा उठणाऱ्या माणसाबरोबर एका बॅगेत झोपून पाहा, मग बोलू. वजा दहापर्यंत आरामात चालेल अशी बॅग पुरते, वरून लॉजची रजई.

सॅक निवडताना तिनं स्वतः दुकानात जाऊन, आत आठ किलो भरून, अर्धा तास पाठीवर ठेवावी. वजन कमरेच्या पट्ट्यावर बसलं पाहिजे. बायकांसाठी केलेल्या सॅकमध्ये हा पट्टा आणि खांद्यांचे पट्टे वेगळ्या आकाराचे येतात. पुरुषांची सॅक लहान करून तो फरक भरून निघत नाही. पाळीची तारीख मार्गातल्या कोणत्या टप्प्यावर येते तेही आधी बघा. ती लांबवायच्या गोळ्या घ्यायच्या असतील तर उंचीचं सांगून स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. रक्ताच्या गुठळ्यांचा मुद्दा त्यात असतो, मेडिकलवाल्याच्या सल्ल्यानं घेऊ नका. कप वापरत असेल तर नवा कप त्या आठवड्यात पहिल्यांदा वापरायचा नाही. वापरलेले पॅड आपल्याच पिशवीतून खाली आणायचे, वर कचऱ्याची सोय नाही.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. दालभात दोन वेळा, पोट भरेपर्यंत वाढतात. उंचीबरोबर किंमत चढते, कारण सगळं खालून येतं. बरोबर आपलं म्हणून राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, आपल्या निफाड-पिंपळगावकडचे मनुके, आणि मेतकुटाची एक पुडी. तोंडाची चव जाते तेव्हा गरम भातावर मेतकूट उतरतं, हे एकदा पाहिलं की पुडी विसरत नाही. घड्याळ लावून दर तासाला थोडं खायचं. चार हजार मीटरवरची नवरा-बायकोची बहुतेक भांडणं दोन मनुके आणि दोन घोट पाण्यावर मिटतात. पाणी लॉजवर उकळलेलं घ्या. तिथे पाणी शंभराला उकळत नाही, चार हजारावर 87 अंशांच्या आसपास उकळतं, पण जंतू मरायला तेवढं पुरतं.

सराव. तुमच्याकडे जुलै ते ऑक्टोबर आहे, म्हणजे पावसाळा, आणि पावसात नाशिकच्या कातळपायऱ्या निसरड्या असतात. हरिहरला रविवारच्या गर्दीत आठ किलो घेऊन सराव करायला जाऊ नका. कामाच्या दिवशी पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून, चढून-उतरून तीनचार फेऱ्या. शनिवारी अंजनेरी आणि लगेच रविवारी ब्रह्मगिरी, दोन्हीकडे सॅक घेऊनच. एका दिवसाच्या ट्रेकनं काही सिद्ध होत नाही, दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी उठून चालता येतं का ते बघायचं असतं. श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी लांब चालण्यासाठी छान आहे, तिसरा सोमवार सोडून कुठल्याही दिवशी. सप्टेंबरअखेर बारीतून कळसूबाई, आणि लक्ष चढण्यापेक्षा उतरण्याकडे. कारण कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची सगळी उंची 1,646 मीटर, आणि थोरांग ला वरून मुक्तिनाथला तुम्ही जवळजवळ तेवढंच एका दिवसात उतरणार आहात, तेही पहाटेपासून चालून झाल्यावर. काठ्या दोन-दोन घ्या आणि त्यांची सवय इथेच करा.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सातमाळा रांगेत तीन दिवसांचा एक सलग ट्रेक करा. मार्कंड्या, रावळ्या-जावळ्या, धोडप, असा काहीतरी, दोघांनीच, ट्रेकला नेणार तीच सॅक, तेच बूट, आणि रोज सकाळ-संध्याकाळ ती वही. उंचीचा सराव त्यातून होणार नाही. बोलण्याचा होईल. तिसऱ्या दिवशी दुपारी धोडपच्या चढावर तुम्ही तिच्यापुढे शंभर मीटर आहात का तिच्या मागे, ते बघा. पुढे असाल तर नेपाळमध्येही पुढेच असाल. चाल कमी असलेला माणूस पुढे, दुसरा मागे, हा क्रम इथेच अंगात मुरवायचा.

खिंडीच्या दिवशी फेदीहून पहाटे चार-पाचला निघायचं. अंधारात हवा वजा दहाच्या खाली असू शकते. उशीर केला तर माथ्यावर वारा चढतो आणि उतरणीवरचा बर्फ मऊ होतो. बाटल्या सॅकच्या आत, उलट्या ठेवा, म्हणजे बर्फ झालाच तर बुडाशी होईल, झाकणाशी नाही. बुटांना लावायचे मायक्रोस्पाइक प्रत्येकी एक जोड. माथ्यावर फोटो, पाच मिनिटं, आणि खाली. उलट बाजूला काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारी वारा असा सुटतो की जोमसोमची विमानंही सकाळीच उडतात. मुक्तिनाथला 108 धारांखाली नहायचं असेल तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तिथे पोखऱ्याहून जीपनं आलेली आपली यात्रेकरू मंडळी भेटतील, आणि तुम्ही डोंगरावरून चालत आलात म्हटल्यावर ती तुमच्याकडे दयेनं बघतील. जेवण कुठे चांगलं मिळतं ते मात्र त्यांनाच विचारा.

उरलेलं पटकन. विम्याच्या कागदावर उंचीची मर्यादा वाचा. बऱ्याच प्रवास विम्यांत ती असते, तुम्हाला 5,500 मीटरपर्यंतचा ट्रेक आणि हेलिकॉप्टर दोन्ही लिहिलेले हवेत. आधार कार्डावर विसंबू नका, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या. आपला एक रुपया म्हणजे त्यांचे 1.60, हा दर ठरलेला आहे. बेसीसहर सोडताना सगळ्या दिवसांची रोकड बरोबर घ्या. नेपाळी सिम घ्या, आणि घरी सांगून ठेवा की मनांगनंतर दोन दिवस फोन नाही आला तर त्याचा अर्थ नेटवर्क नाही एवढाच. गाइडचा नंबर त्यांच्याकडे देऊन ठेवा.

आणि रजेचा अर्ज 16 च्या ऐवजी 19 दिवसांचा करा. कंपनी नाहीच म्हणाली तर विमान. तेही जमत नसेल, तर यंदा खिंड सोडा, मनांगपर्यंत जाऊन न्गावलच्या वाटेनं परत या. तेवढाही मार्ग पूर्ण आहे, आणि त्याला नऊ दिवस पुरतात.